घोडी कुणाकडं बघते

"कपाळावरचा भोवरा वाकडा, डोळं मांजरीवानी, आन अंगावर औषधाला काळा ठिपका न्हाई. दाजी, ही घोडी न्हाई, चुन्याची भिंत हाय. चला फुडं."

महिपतमामांनी त्या पांढऱ्या घोडीच्या कपाळावरचे केस खाली सोडले, हात धोतराला पुसले आणि पुढच्या दावणीकडे निघालेसुद्धा. हे सगळं ते ओरडून बोलले होते. आण्णांचा आवाज गेल्यापासून जो तो आण्णांशी ओरडूनच बोलायचा. अहो, गेलाय तो घसा, कान ठणठणीत आहेत, हे मी सांगून सांगून दमले होते. माणसं मान डोलवायची आणि पुन्हा आण्णांच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलायची.

दिवाळीतला अकलूजचा घोडेबाजार होता तो. याला आता इतकी वर्षं झाली की तेव्हा माझ्या कडेवर असलेल्या लेकीचंही लग्न होऊन गेलं. पण त्या दिवशीचं सकाळचं गार ऊन, ओल्या लिदीचा वास आणि त्या घोडीसमोर पाय रोवून उभे राहिलेले आण्णा मला जसेच्या तसे दिसतात.

करमाळ्यात माझ्या वडिलांचा, आण्णा लोंढ्यांचा, लग्नाच्या घोड्यांचा धंदा होता. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाचा परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर बसतो, पुढे बँड, मागे मित्रमंडळी, आणि अख्खं गाव फिरून मारुतीच्या पाया पडून मग मांडवात. आजूबाजूच्या गावांत निम्मे नवरदेव आण्णांच्याच घोड्यावर बसून देवळाला गेले असतील. आणि आण्णांची खरी मिळकत घोडा नव्हता, त्यांचा आवाज होता. बँड कानठळ्या बसवत असताना ते नुसतं "होऽ बाळा" म्हणायचे आणि बुजलेलं जनावर जागच्या जागी थिजायचं. लगाम ओढताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

मग घशात गाठ निघाली. सोलापूरच्या दवाखान्यात ती काढली, तिच्याबरोबर आवाजही काढावा लागला. गळ्याला खाली एक भोक राहिलं, श्वास त्यातूनच घ्यायचा, त्यावर मलमलचं फडकं बांधायचं. जीव वाचला म्हणून आम्ही खंडोबाला बकरं दिलं. पण घरी आल्यावर पहिल्याच परण्याला आमचा सर्जा फटाक्याला बुजला. आण्णांनी सवयीनं तोंड उघडलं, हाक मारली, आणि ती बाहेर आलीच नाही. सर्जा नवरदेवाला घेऊन थेट उसाच्या ट्रॅक्टरवर जाऊन धडकला. नवरदेवाच्या खांद्याचं हाड मोडलं. ते बरं झालं, लग्नही लागलं, पण लोकांनी आमचा घोडा सांगणं सोडलं. आण्णांनी सर्जा विकून टाकला आणि ओट्यावर बसले. बसले म्हणजे बसलेच. आईनं ताट पुढे सरकवलं तर जेवायचे, नाही तर तसेच रस्त्याकडे बघत राहायचे.

माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे. मी रोज जायची, त्यांच्या हातवाऱ्यांचा अर्थ लावून आईला सांगायची. त्यांना काय हवं, काय नको, डॉक्टरांना काय विचारायचं, सगळं मीच बोलायची. मुळातच मी बडबडी. आण्णांचं तोंड म्हणून मला गावात नवी नोकरीच लागली होती, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायलाही लागली होती.

दसऱ्याला आडत दुकानाचे शेटेमालक घरी आले. त्यांच्या संजूचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं. मालक स्वतः नवरदेव होते तेव्हा आण्णांच्याच घोड्यावर बसले होते. त्यांनी आण्णांसमोर बसून मला विचारलं, "कांता, इचार त्यास्नी. आमच्या संजूला घोडा देत्यात का."

मी तोंड उघडायच्या आत आण्णांनी मान हलवली, हो म्हणून. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मान वर केलेली मी पाहत होते. तबेल्यात तेव्हा घोडं तर सोडाच, त्याची लीदही नव्हती. आई आत गेली आणि चुलीपुढे बसून पदरानं डोळे पुसू लागली. हे एक लग्न नीट पार पडलं तर आण्णा पुन्हा माणसांत येतील, आणि यात काही कमीजास्त झालं तर ते त्या ओट्यावरून कधीच उठायचे नाहीत. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

घोडा घ्यायचा ठरला आणि सल्ल्यांना ऊत आला. ज्यांनी जन्मात गाढव पाळलं नाही तेही सांगायला येऊ लागले. न्हावी म्हणाला, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेलाच घ्या. कंपाउंडर म्हणाला, आधी दात बघा. शेजारच्या काकूंचं म्हणणं, पाणी पिताना कान हलवतो तो घोडा घराला चांगला. महिपतमामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, यांची तर हयात बैलांच्या व्यापारात गेलेली, त्यामुळे ते घोड्याचीही शेपूट आधी बघायचे. बाजाराला आमच्याबरोबर तेच येणार हे आईनं परस्पर ठरवून टाकलं. एवढ्या गलक्यात एका गोष्टीचं मला वाईट वाटत होतं. पूर्वी कुणालाही घोडा घ्यायचा असला की तो आधी आण्णांकडे यायचा, आणि आण्णा सगळ्यांना एकच सांगायचे, घोडा बघू नका, घोडा कुणाकडं बघतोय ते बघा. लोकांना त्यातलं फारसं कळायचं नाही, पण त्यांना बरोबर घेऊन जायचे. आता आण्णांना कुणी काही विचारतच नव्हतं.

तर त्या पांढऱ्या घोडीपासून मामा पुढे गेले, मीही निघाले, पण आण्णा जागचे हलेनात. घोडी नीटस होती. ना फार उंच, ना ठेंगणी. तोंड पांढरंशुभ्र आणि डोळे निळसर, काचेच्या गोटीसारखे. आजूबाजूची घोडी माश्या वारत होती, खिंकाळत होती, कुणी आलं की कान टवकारत होती. ही मात्र स्तब्ध उभी राहून आण्णांच्या हाताकडे बघत होती. आण्णांनी गळ्याचं फडकं सारखं करायला हात वर नेला, तर तिची मानही हाताबरोबर वर गेली.

"हिचं नाव मैना," मालक म्हणाला. हा फलटणकडचा मौलाभाई, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. "घरची हाय. वासरागत वाढीवलीया."

मी आण्णांच्या वतीनं प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. वय किती, नाल कधी ठोकले, खोड काय, चावते का, लाथ मारते का. मौलाभाई एकेका शब्दात उत्तरं देत होता. तेवढ्यात बाजाराच्या कडेला कुणीतरी पाडव्याची फटाक्यांची माळ लावली. एकच कल्लोळ झाला. दावणीच्या दावणी उधळल्या, कुणी मागच्या पायांवर उभं राहिलं, कुणी खुंटा उपटला, मामांचा फेटा कुणाच्या तरी टापेखाली गेला. माणसं घोड्यांच्या मागे आणि घोडी माणसांच्या मागे धावत होती. मैना मात्र जिथल्या तिथं. तिनं शेपूटसुद्धा हलवली नाही. धुराचा लोट नाकाशी आला तेव्हा कुठे तिनं मान वळवून पाहिलं, एकदा फुरफुरली आणि पुन्हा आण्णांच्या हाताकडे बघत राहिली.

मामा चुरगळलेला फेटा घेऊन परत आले आणि तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी घाईघाईनं तिच्या गळ्याखाली हात घातला. "आरं तिच्या, हितं भोवरा हाय की! देवमण म्हणत्यात ह्याला. दाजी, ही लक्षुमी हाय. काळीज बघा कसलं वाघाचं. मला मगाशीच वाटलं हुतं."

आण्णा त्यांच्याकडे लक्षच देत नव्हते. ते घोडीच्या मागून वळसा घालून पलीकडे गेले, तिथं उभं राहून त्यांनी जमिनीवर जोरात पाय आपटला, हातातली काठी घमेल्यावर वाजवली. मग पुन्हा समोर आले, तळहात वर धरला, हळूहळू मागे सरकले. घोडी दोरी ताणेपर्यंत त्यांच्यामागे आली. आण्णांनी हात थांबवला, तीही थांबली. मला वाटलं, किती दिवसांनी घोड्याजवळ आलेत, खेळतायत. मौलाभाई मात्र हे सगळं फार बारकाईनं पाहत होता.

सौदा करायला मामांनी बाह्या सरसावल्या, कारण ते त्यांचंच काम. पण आण्णांनी त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि खांद्यावरचा रुमाल मौलाभाईच्या हातावर टाकला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबायची, बोटं सोडायची, आणि आजूबाजूच्यांनी नुसती तोंडं बघत राहायची. मी आण्णांच्या तोंडाकडे बघत होते. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच ते कुणाशी तरी बरोबरीनं बोलत होते, मधे मी नव्हते. त्यांच्या भुवया हलत होत्या, मौलाभाई मान हलवून नाही म्हणत होता, आण्णा गालात हसत होते. आपल्यासमोरचा माणूस मुका आहे हे मौलाभाईला सौदा पुरा होईपर्यंत कळलंही नसेल.

रुमाल उचलला गेला. मामांनी हळद-कुंकू काढलं. मौलाभाई दोरी हातात देताना घुटमळला. "दादा, घोडी दिली. पर एक सांगायचं ऱ्हायलं. मी लपवून..."

आण्णांनी तळहात त्याच्यासमोर धरला आणि मान हलवली, बास म्हणून. मौलाभाईनं आपला हात छातीवर ठेवला. मी समजले, सौदा झाल्यावर खोड काढू नये असा रिवाज असेल. मामांना विचारलं तर तेही म्हणाले, तसंच असतंय.

टेम्पोतून मैना घरी आली. आईनं तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळला. आण्णा त्या दिवशी ओट्यावर बसलेच नाहीत. रात्रीचं जेवण त्यांनी मागून घेतलं. मामांनी गावभर सांगितलं की कसा गळ्याखालचा भोवरा त्यांनी एकट्यानं ओळखला आणि कशी ही घोडी तोफेलाही घाबरणार नाही.

नंतर एका सकाळी मी तबेल्यात गेले. आण्णा खराऱ्यानं मैनेची मान घासत होते. मी घमेल्यात भरडा घेऊन मागून आले आणि "मैना, सरक गं बाई" म्हणत तिच्या पाठीला हात लावला. ती अशी दचकली की घमेलं एकीकडे, मी एकीकडे, आणि भरडा आम्हा दोघींच्या अंगावर. लिदीत बसल्या बसल्या माझ्या मनात काहीतरी चमकलं. मी उठले, तिला दिसणार नाही अशी भिंतीच्या आड उभी राहिले आणि दगडानं घमेलं बडवायला लागले. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, आई धावत बाहेर आली. मैनेचा कान हलला नाही.

मी दगड टाकून आण्णांपुढे गेले. "आण्णा, ही बहिरी हाय."

आण्णांनी मान हलवली. हो.

"तुमाला ठावं हाय?"

हो.

"बाजारातच कळलं हुतं?"

हो, आणि त्यांनी पुन्हा खरारा हातात घेतला. मला रडू यायला लागलं, रागही यायला लागला. नवरदेव हिच्यावर बसणार, हाक मारायला हे मुके, हाक ऐकायला ती बहिरी, आणि समोर अख्खं गाव. "मला का न्हाई सांगितलं मग? मी काय परकी हाय का?"

आण्णांनी खरारा खाली ठेवला. एका हाताच्या बोटांची चोच केली आणि माझ्या तोंडासमोर ती चोच उघड-मीट, उघड-मीट, उघड-मीट करून दाखवली. मग गावाकडे हात फिरवला. म्हणजे तुला सांगितलं की गावभर झालं. आणि ते हसले, खांदे हलवत, आवाज न करता. मी इतक्या दिवसांनी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं की माझा राग कुठल्या कुठे गेला. आई मागे उभी राहून पदर तोंडात धरून हसत होती.

मग त्यांनी मला बाजूला बसवलं आणि दाखवलं. तळहात उभा, मैना थांबली. दोन बोटं वाकवली, पुढे आली. हात डावीकडे नेला, डावीकडे वळली. ती पूर्णवेळ त्यांच्या हाताकडेच बघायची, दुसऱ्या कशाकडे नाही. तिला जगात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून बघण्याशिवाय तिच्याजवळ काही नव्हतं. घोडा कुणाकडं बघतोय ते बघा, हे आण्णांचं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्याचा अर्थ त्या सकाळी कळला.

पण ज्याचं पोर घोडीवर बसणार त्याला सांगितल्याशिवाय आण्णा राजी नव्हते. त्यांनी मला शेटेमालकांकडे पाठवलं. मालक तबेल्यात आले, सगळं नीट बघितलं. "आण्णा, तुमच्या शब्दावर मी बसलो हुतो घोड्यावर," ते म्हणाले, आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले. "आता पोरगं बसल. पर एक पाऊल जरी चुकलं, तर मी तिथंच त्याला उतरवून जीपमदी घालीन. आन मग पुन्यांदा मला इचारू नका."

आण्णांनी मान हलवली. एवढंच ठरलं. मामांना सांगायचं नाही, हे मात्र आम्ही सगळ्यांनी न ठरवताच ठरवलं.

अडचण एकच होती. मैनेला आण्णांचा हात दिसायला हवा, म्हणजे आण्णांनी तिच्या समोर, तिच्याकडे तोंड करून, उलटं चालायला हवं. अख्खं गाव उलटं चालायचं, बँडमधून, गर्दीतून, खड्ड्यांतून. मग मी त्यांच्या पाठीशी, रस्त्याकडे बघत चालायचं आणि मागे हात नेऊन त्यांच्या पाठीवर ठेवायचा. उजवीकडे दाबलं की उजवीकडे, डावीकडे दाबलं की डावीकडे. तुळशीचं लग्न होईपर्यंत आम्ही तिघं रोज सकाळी ओढ्याकाठी हेच करत होतो. आण्णांचं तोंड होऊन मिरवणारी मी आता त्यांच्या पाठीचे डोळे झाले होते, आणि या कामात बोलायचं काहीच नव्हतं. सुरुवातीला मला फार जड गेलं.

परण्याच्या दिवशी दुपार कलताना बँड सुरू झाला. संजू जरीचा फेटा, मुंडावळ्या, हातात कट्यार घेऊन मैनेवर बसला. तिला आम्ही लाल झूल घातली होती. आण्णांनी गळ्याचं फडकं ओलं करून घट्ट बांधलं, तिच्यासमोर उभे राहिले, दोन बोटं वाकवली. मैना निघाली. माझा तळहात आण्णांच्या पाठीवर होता आणि तिथून त्यांचं काळीज धडधडताना मला कळत होतं. की ते माझंच होतं कोण जाणे.

बाजारपेठ पार झाली. मित्रमंडळी नाचत होती, ढोल मैनेच्या कानाशी वाजत होते, लोक खिडक्यांतून बघत होते. घोडी एखाद्या शहाण्या सुनेसारखी चालत होती. "काय घोडी आणलीया लोंढ्यांनी," असं कुणीतरी म्हटलेलं मी ऐकलं आणि मला हलकं वाटायला लागलं. मामा पुढे नवा फेटा बांधून मिरवत होते.

देवळाच्या वळणावर नाचणाऱ्यांनी रस्त्यावर आडवी माळ टाकली. मला ती दिसली. थांबा याची खूण आम्ही ठरवली होती, पण ती करेपर्यंत वात पेटली होती. धडाड धडाड आवाज सुरू झाला. आवाजाची मला भीती नव्हतीच. धूर आला. पांढरा, दाट, गंधकाचा धूर, आणि वारा नेमका आमच्याकडे. बघता बघता मैना दिसेनाशी झाली, मग आण्णांचं डोकं, मग माझा स्वतःचा हात. आता ती कुणाकडे बघणार? हाक मारून उपयोग नाही आणि हाक मारणारं कुणी नाही. शिवाय आण्णांचा श्वास त्या उघड्या गळ्यातून. त्यांची पाठ माझ्या हाताखाली थरथरली, ते खोकत होते, आणि मग माझ्या हाताखालून ती पाठच निघून गेली. ते पुढे गेले होते, धुरात, घोडीकडे.

"संजू, उतर खाली," शेटेमालकांचा आवाज आला. धुरात कुणी तरी टापा आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मग तोही थांबला. बँडवाल्यांचं काही तरी बिनसलं आणि ढोल बंद पडला. मी मारुतीला काय काय बोलले ते मला आठवत नाही.

वारा फिरला. धूर बाजूला झाला तेव्हा मला आधी लाल झूल दिसली, मग संजूचे पाय रिकिबीतच होते ते दिसलं. मैना चारी पायांवर उभी होती. आण्णांनी एका हातानं तिचे डोळे झाकले होते, दुसरा हात तिच्या जबड्याखाली होता आणि हनुवटी तिच्या नाकाडावर टेकवली होती. तिचं नाक त्यांच्या गळ्यातल्या ओल्या फडक्यात खुपसलेलं होतं. आण्णा अजून खोकत होते, खोकताना त्यांचं सगळं अंग हलत होतं, आणि घोडी त्यांच्या अंगाला लागून शांत उभी होती.

"थांबलो का आपण?" वरून संजूनं विचारलं आणि मुंडावळ्या सारख्या केल्या.

शेटेमालक जीपच्या दारापाशी उभे होते. त्यांनी दार लावलं. "काही न्हाई," ते म्हणाले. "चला. बँड का थांबीवला रं?"

आण्णांनी डोळ्यांवरचा हात काढला. मैनेनं त्यांना पाहिलं. ते मागे सरले, मला पुन्हा त्यांची पाठ सापडली, घामानं चिंब झालेली. त्यांनी दोन बोटं वाकवली आणि आम्ही देवळाकडे निघालो. मी रडत होते आणि रडता रडता त्यांना खड्ड्यातून चुकवत होते. इतकं मोकळं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं.

देवळापाशी संजू उतरला, नारळ फुटला. लोक आण्णांभोवती जमले. पलीकडच्या गावचा एक गृहस्थ मला म्हणाला, "तुमच्या वडलांना इचारा की, फुडच्या बाजाराला आमच्यासंगं येत्यात का. एक घोडं घ्यायचं हाय."

"त्यास्नीच इचारा," मी म्हटलं. "हळू बोला. ऐकू येतं त्यास्नी."

एवढ्यात गर्दी फोडून महिपतमामा आले. त्यांनी आण्णांच्या कानाला तोंड लावलं आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असे ओरडले, "दाजी! म्हणलं न्हवतं? देवमण हाय तिच्या गळ्याला! माझ्यामुळं गावली ही!" मग ते मैनेकडे वळले. तिच्या मानेवर प्रेमानं हात फिरवला, कुणी ऐकू नये म्हणून हाताचा आडोसा केला, आणि तिच्या कानाशी ओठ नेऊन अगदी हळूच म्हणाले, "गुणाची गं माझी बाय. आज तू आमची लाज राखलीस."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. शेटेमालकांनी तोंड फिरवून उपरणं नाकाला लावलं. मामांनी चमकून विचारलं, दाजींना काय झालं, धुराचा तरास होतोय का. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण आण्णांचं तोंड मी. आण्णांनी माझ्यापुढे हळूच बोटांची चोच केली आणि ती घट्ट मिटली. मी काही बोलले नाही.

मैना आमच्या तबेल्यातच म्हातारी झाली. कितीतरी नवरदेव तिनं मारुतीला नेले. मामा सणावाराला आले की आधी आण्णांच्या कानात ओरडायचे, मग तबेल्यात जाऊन तिच्या कानात आपली सुखदुःखं हळूच सांगत बसायचे.